बेडरूमचा टीव्ही किती इंची? माप उशीपासून घ्या

पुनावळ्यात नव्या फ्लॅटचा ताबा घेतलेल्या, किंवा घ्यायच्या तयारीत असलेल्या वाचकांचा एक प्रश्न सारखा येतो: बेडरूमसाठी टीव्ही किती इंची घ्यायचा? हॉलचा टीव्ही लोक घरात भांडून का होईना, ठरवतात. बेडरूमपाशी अडतात. ३२ आता लहान वाटतो, ५५ भिंतभर होईल अशी धास्ती वाटते, आणि ४३ घ्यावा तर सगळे घेतात म्हणून आपणही घेतल्यासारखं होतं. मग दुकानात जाऊन ब्रोशरमधलं 'दहा बाय अकरा' सांगायचं आणि विक्रेता ज्याच्याकडे बोट दाखवेल तो उचलायचा, अशी बहुतेकांची खरेदी होते.

खोलीचं माप इथे फारसं कामाचं नाही. टीव्हीचं माप ठरतं ते तुमच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतच्या अंतरावरून, आणि बेडरूममध्ये डोळे उशीपाशी असतात. एकाच मजल्यावरच्या, एकाच मापाच्या दोन बेडरूममध्ये नुसता पलंग फिरवला तरी हे अंतर फूटभराने बदलतं. त्यामुळे समोरच्या फ्लॅटवाल्यांनी किती इंची घेतला, यावरून काही ठरवू नका.

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच सांगून टाकू. उशीपासून समोरच्या पडद्यापर्यंत साधारण आठ फूट भरत असतील आणि तुम्ही मालिका, बातम्या, सिनेमे असं सगळं थोडं थोडं पाहत असाल, तर ४३ इंच घ्या. ५० पर्यंत जायला हरकत नाही. ५५ साठी मात्र काही अटी आहेत, आणि त्या पैशांपेक्षा भिंतीच्या आणि डिश किंवा केबलच्या जोडणीच्या जास्त आहेत.

दुकानात जाण्याआधी टेप

१. उशाची भिंत पक्की करा. बिल्डरने टीव्हीचा पॉइंट एका भिंतीवर दिलेला असतो आणि घरातल्या मोठ्यांना डोकं दक्षिणेकडे हवं असतं. या दोघांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर पॉइंट हलवावा लागतो. वायरिंगचं काम रंगाआधी करून घ्या. टीव्ही आल्यावर भिंत फोडणं महागात पडतं.

२. रोज बसता तसे बसा. पलंग अजून आला नसेल तर जमिनीवर खडूने त्याची चौकट आखा. पाठीशी उशी घेऊन टेकल्यावर डोळे उशाच्या भिंतीपासून साधारण दीड फूट पुढे येतात. घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा आणि डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा.

३. पडदा भिंतीपासून किती पुढे येतो ते वजा करा. भिंतीवर टांगला तर तीन-चार इंच. कपाटावर किंवा टीव्ही युनिटवर पायांवर ठेवला तर आठ-नऊ इंच. पायथ्याला वॉर्डरोब असेल आणि त्याच्या मधल्या कप्प्यात टीव्ही बसवणार असाल, तर जवळजवळ दोन फूट.

४. भिंतीची मोकळी रुंदी मोजा. पूर्ण भिंत मोजून उपयोग नाही. दार उघडल्यावर त्याचं हँडल कुठवर येतं, वॉर्डरोबचं शटर किती फिरतं, पडदे सरकवल्यावर कापडाचा गठ्ठा कुठे जमतो, हे सोडून जी जागा उरते तीच खरी.

उदाहरण घेऊ. खोली दहा बाय अकरा फूट, पलंग दहा फुटांच्या बाजूने. साडेसहा फुटांचा पलंग आणि चार इंचांचं हेडरेस्ट मिळून ८२ इंच गेले. १२० मधून ते वजा केले की पायथ्याशी ३८ इंच उरतात. तिथे १५ इंच खोल टीव्ही युनिट ठेवलं तर चालायला २३ इंच राहतात, म्हणजे दोन फुटांनाही एक इंच कमी. रात्री अंधारात उठणाऱ्याची नडगी रोज त्या युनिटवर आपटणार. अशा खोलीत टीव्ही भिंतीवर टांगा, युनिटचा विचार सोडा. टांगल्यावर डोळ्यांपासून पडदा सव्वाआठ फुटांच्या आसपास येतो. तोच पलंग अकरा फुटांच्या बाजूने लावला तर अंतर नऊ फुटांच्या वर जातं आणि गणित बदलतं.

ब्रोशरमधल्या आकड्यावर हे करू नका. नकाशातलं माप आणि प्लास्टर, फरशीची पट्टी, खिडकीची चौकट लागल्यानंतरचं माप यांत फरक पडतो, आणि इथे तीन-चार इंचही मोलाचे असतात.

अंतरावरून इंच कसे काढायचे

अंतर इंचांत लिहा. त्याला २.५ ने भागा, म्हणजे खालची मर्यादा मिळेल. १.६ ने भागा, म्हणजे वरची. वरच्या मर्यादेमागे एक प्रचलित निकष आहे: सिनेमा नीट अंगावर यावा तर पडद्याने नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा. खालची मर्यादा साधारण २० अंशांची आहे. त्याच्याही खाली गेलात तर बातम्यांची पट्टी वाचायला मान पुढे काढावी लागते.

- ६ फूट अंतर: ३२ ते ४३ इंच
- ७ फूट: ४० ते ५० इंच
- ८ फूट: ४३ ते ५५ इंच
- ९ फूट: ४३ ते ६५ इंच
- १० फूट: ५० ते ७५ इंच

बेडरूममध्ये वरच्या टोकाला जाऊ नये, असं आमचं मत आहे. इथे दिवे मंद असतात, शेजारी कुणी झोपलेलं असतं, आणि पडदा जितका मोठा तितका त्याचा एकूण उजेड खोलीभर जास्त. बेडरूम हाच तुमचा सिनेमाहॉल असेल आणि हॉलमध्ये टीव्ही ठेवायचाच नसेल, तर गोष्ट वेगळी.

डिश, केबल की ओटीटी: हे आधी सांगा

इंचांच्या चर्चेत हा मुद्दा जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि पश्चात्ताप बहुधा इथेच होतो.

साध्या म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र ५७६ आडव्या रेषांचं असतं. निरोगी डोळ्याला ते धुरकट दिसू नये असं वाटत असेल तर पडद्याच्या मापाच्या जवळपास तिप्पट अंतर लागतं. ३२ इंचाला पावणेआठ फूट. ४३ इंचाला साडेदहा फूट. आता आठ फुटांवरच्या ४३ इंची पडद्यावर आईबाबा एसडी पॅकवर मराठी मालिका लावतील, तेव्हा चेहरे धुरकट दिसणारच. टीव्ही खराब निघाला असं वाटून तक्रार केली जाते. टीव्ही ठीक असतो. चित्रच अपुरं असतं. ५५ इंचावर तर हे असह्य होतं.

याला दोन उपाय. एक तर ज्या चार-पाच वाहिन्या खरोखर पाहिल्या जातात त्या एचडीमध्ये घ्या आणि सेट-टॉप बॉक्सही एचडीचा आहे याची खात्री करा. वाहिन्या एचडी आणि बॉक्स जुना, हा घोळ घरोघरी आहे. नाहीतर पडद्याचं माप ३२ वर ठेवा. 

ओटीटी पाहणाऱ्यांची अडचण उलटी असते. फुल एचडी चित्रातले ठिपके डोळ्याला जाणवू लागतात ते पडद्याच्या मापाच्या साधारण दीडपटीहून जवळ गेल्यावर: ४३ इंचाला साडेपाच फूट, ५५ इंचाला सात फूट. तुम्ही आठ फुटांवर आहात. म्हणजे ४३ इंचात 'फोर-के' घेतल्याने चित्र जास्त रेखीव दिसेल असं जे सांगितलं जातं, ते तुमच्या पलंगावरून दिसणार नाही. फोर-के मॉडेलला बऱ्याचदा बरा पडदा, जास्त उजेड आणि चपळ प्रोसेसर मिळतो, त्यासाठी जास्त पैसे द्यायचे तर द्या. रेखीवपणासाठी देऊ नका. ५० आणि त्याच्या वर हा प्रश्न उरत नाही, तिथे बहुतेक सगळं फोर-केच मिळतं. ३२ इंचात 'एचडी रेडी' असतं आणि सहा फुटांच्या पुढे ते पुरेसं आहे.

ओटीटीचा आणखी एक अडथळा भिंतींमुळे येतो. नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती वाय-फाय चांगलाच अडवतात. राउटर हॉलमध्ये आणि टीव्ही आतल्या बेडरूममध्ये, असं असेल तर टीव्ही घेण्याआधी मोबाइल घेऊन टीव्हीच्या जागी उभे राहा आणि मोठा व्हिडिओ लावून पाहा. अडकत असेल तर पाइपातून लॅनची वायर ओढून घ्या. आधी हे, मग इंच.

भिंतीवर तो खरंच बसतो का

इंच हे तिरकं माप आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. भिंतीला तिरक्याशी देणंघेणं नाही, तिला रुंदी आणि उंची कळते. खोक्यावर आणि बिलावर माप सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं: ८० म्हणजे ३२ इंच, १०८ म्हणजे ४३, १२६ म्हणजे ५०, १३८ किंवा १३९ म्हणजे ५५. पडद्याची रुंदी-उंची अशी येते (चौकटीचे एक-दोन सेंटिमीटर वर धरा):

- ३२ इंच: ७१ बाय ४० सेंमी
- ४३ इंच: ९५ बाय ५४ सेंमी
- ५० इंच: १११ बाय ६२ सेंमी
- ५५ इंच: १२२ बाय ६८ सेंमी
- ६५ इंच: १४४ बाय ८१ सेंमी

जो आकार मनात आहे त्याची चौकट रंगाऱ्याच्या मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा, आत जुनी वर्तमानपत्रं लावा आणि दोन रात्री तशीच राहू द्या. पलंगावरून पाहा, दारातून आत येताना पाहा, वॉर्डरोब उघडून पाहा. मनातल्या मनात मापं जुळवण्यापेक्षा हे कितीतरी खरं. बिल्डरचा प्लग पॉइंट त्या चौकटीच्या आत येतो का, हेही तेव्हाच कळेल. पॉइंट चौकटीबाहेर असेल तर वायर लोंबत दिसणार. अगदी मधोमध असेल तर स्टँडची पट्टी नेमकी त्याच्यावर येऊ शकते.

इंटिरिअरवाल्यांबाबत एक सावधगिरी. टीव्हीच्या मागचं पॅनेल किंवा खोबण ते टीव्ही यायच्या आधी बनवतात आणि तुम्हाला विचारतात, "४३ धरू ना?" तुम्ही हो म्हणता. दिवाळीच्या सेलमध्ये ५० स्वस्त मिळतो आणि तो त्या खोबणीत बसत नाही. खोबण करायचीच असेल तर मनातल्या मापाच्या पुढच्या मापासाठी करा आणि चारही बाजूंनी हवेला दोन-तीन इंच सोडा. खरं तर बेडरूममध्ये सपाट पॅनेल पुरतं.

उंची: हॉलचा नियम इथे चालत नाही

हॉलमध्ये सोफ्यावर ताठ बसून पाहतो, तिथे पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर लागतो. बेडरूममध्ये पाठ टेकलेली असते, नजर आपोआप वर जाते. म्हणून पडद्याचा मध्य जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर घ्या. खालची कड सव्वातीन फुटांच्या खाली आणू नका, नाहीतर पांघरुणाखालची पावलं चित्रात येतात आणि सबटायटल वाचता येत नाहीत. छताजवळ लटकवलेले टीव्ही दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये शोभतात. घरी त्याने मान धरते. आडवं पडून पाहायची सवय असेल तर थोडा पुढे झुकणारा टिल्ट स्टँड घ्या.

एसीचं इनडोअर युनिट त्याच भिंतीवर असेल तर टीव्ही बरोबर त्याच्या खाली नको. ड्रेनचा पाइप तुंबला की पाणी सरळ पडद्यावर उतरतं. अशी दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.

खिडकी किंवा बाल्कनीचं सरकतं दार टीव्हीच्या बरोबर समोर येत असेल तर दिवसा पडद्यात तुमचीच खोली दिसेल. पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी हे फार जाणवतं. जाड पडदे हा स्वस्त इलाज. टीव्हीचं माप वाढवून प्रतिबिंब कमी होत नाही, उलट वाढतं.

माइव्हानची भिंत, ब्लॉकची भिंत, आणि भाड्याची भिंत

पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण रावेत आणि ताथवड्यासारखंच त्याचंही रूप पालटलं ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत. त्यामुळे इथल्या उंच इमारती बऱ्याचशा नव्या पद्धतीच्या आहेत. आपली भिंत कसली आहे ते बिल्डरच्या साइट ऑफिसला किंवा सोसायटीच्या मॅनेजरला विचारून घ्या.

माइव्हान, म्हणजे अॅल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेली अखंड काँक्रीटची भिंत. ती मोठा टीव्ही सहज पेलते, पण साध्या ड्रिलला दाद देत नाही. हॅमर ड्रिल लागतं. बसवायला येणारा मुलगा ते आणेल का, हे फोनवरच विचारा, नाहीतर तो अर्ध्यावर सोडून जाईल. आत सळ्या आणि वायरचे पाइप असतात, म्हणून प्लग पॉइंटच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू देऊ नका.

हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर भोक झटकन पडतं आणि तिथेच फसगत होते. साधी छोटी गिट्टी त्यात काही महिन्यांत सैल होते. लांब, ब्लॉकसाठीच असलेले फास्टनर मागा. ४३ इंची टीव्हीचं वजन साधारण सात-आठ किलो, ५५ चं बारा ते सोळा. बाहेर ओढता येणाऱ्या स्टँडवर हा भार आणखी जाचतो. जिप्समच्या पार्टिशनवर मागे प्लाय नसेल तर टीव्ही टांगूच नका.

आणि भाड्याचं घर. हिंजवडीत नोकरी करणारे कितीतरी जण इथे लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. भोक पाडण्याआधी मालकाची परवानगी मेसेजवर का होईना, लेखी घ्या. घर सोडताना चार भोकांवरून डिपॉझिट कापल्याच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत. परवानगी नसेल तर उभी, चाकांची टीव्ही ट्रॉली मिळते. तिच्यावर ४३ पर्यंत ठीक. पुढचं घर कसं असेल ते माहीत नसताना भाडेकरूंनी ४३ च्या वर जाऊ नये.

ड्रिलच्या वेळा प्रत्येक सोसायटीच्या वेगळ्या असतात. बसवणाऱ्याची वेळ ठरवण्याआधी त्या पाहून घ्या.

कोणाच्या खोलीत किती

*आईवडिलांची खोली.* ३२ पुरे, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. साठीनंतर बारीक अक्षरं वाचायला त्रास होतो आणि दिवसातला सगळ्यात जास्त टीव्ही तेच पाहतात. इथे ४३ घ्या, आणि पॅक एचडीचा करा. रिमोटवर मोठी, मोजकी बटणं आहेत का ते इंचांइतकंच महत्त्वाचं.

*मुलांची खोली.* टीव्ही न ठेवलेला बरा. ठेवायचाच असेल तर ३२, आणि तो अभ्यासाच्या टेबलासमोर नको. ही खोली बहुतेक फ्लॅटमध्ये लहान असते आणि अंतर सहा फुटांच्या पुढे जात नाही.

*नवराबायको दोघंच.* ४३ किंवा ५०. एकाला लवकर झोपायचं असतं, दुसऱ्याला मॅच संपवायची असते. अशा घरात ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का आणि पडद्याचा उजेड पुरेसा खाली उतरतो का, हे तपासा. टीव्हीच्या मागे मंद एलईडी पट्टी लावली तर डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

५५ कधी घ्यावा

अंतर निदान आठ फूट, मोकळी भिंत निदान पाच फूट, भिंत काँक्रीटची, आणि पाहणं मुख्यतः ओटीटी किंवा एचडीवर. या चारही गोष्टी असतील तर जरूर घ्या. एखादी नसेल तर ५० वर थांबा.

दुकानातले सापळे

डांगे चौकातल्या दुकानात जा की पिंपरी कॅम्पात, सगळीकडे डोळ्यांची फसवणूक एकाच प्रकारे होते. तिथे ८५ इंचाशेजारी ४३ लावलेला असतो, छत उंच असतं, म्हणून ४३ बिचारा दिसतो. टेप सोबत न्या, आपलं अंतर मोजून तितक्या मागे उभे राहा. जागा नसेल तर निदान बाकीच्या टीव्हींकडे पाठ करा.

- भडक चित्र. दुकानात उजेड कमाल ठेवलेला असतो. 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' मोड लावायला सांगा. रात्री तुम्ही तोच लावणार आहात. मग बाजूला सरकून पाहा. चेहऱ्यांचे रंग फिके पडत असतील तर कुशीवर वळून पाहणाऱ्यांना तो टीव्ही जमणार नाही.
- करामुळे ३२ स्वस्त पडतो, हे जुनं गणित. २०१९ पासून ३२ इंचापर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरही १८ टक्केच आहे. बिलावर कराचा दर पाहून घ्या.
- ताब्याआधी खरेदी. सेल आहे म्हणून टीव्ही आत्ता घ्यायचा आणि ताबा मिळाल्यावर खोका उघडायचा, हे करू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि ऑनलाइन परतीची मुदत थोड्याच दिवसांची असते. ताबा लांबला की बंद खोक्यात दोन्ही संपतात.
- 'फ्री इन्स्टॉलेशन'. फुकट असतो तो बहुधा साधा, भिंतीला चिकटलेला स्टँड. टिल्ट किंवा फिरता स्टँड हवा असेल तर त्याचे आणि काँक्रीटमध्ये भोकं पाडण्याचे किती, हे आधी लिहून घ्या.
- विनाव्याज हप्ते. प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी धरून एकूण किती जातात ते विचारा, आणि रोखीने काय भाव पडेल तेही.
- वीज. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. शंभर वॉटचा टीव्ही रोज तीन तास चालला तर महिन्याला नऊ युनिट. माप निवडताना हा खर्च निर्णायक नाही. टीव्हीवर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणी चिन्ह मात्र असायलाच हवं.

माल घरी आल्यावर

खोका स्वतः उघडायचा मोह आवरा. बसवणाऱ्या माणसासमोर, मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवून उघडा. आधी खोक्याच्या सहाही बाजू चित्रीत करा. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही आणि तो वाटेत फुटला की तुमच्या हातून, हे नंतर सिद्ध करता येत नाही. ऑनलाइन घेत असाल आणि 'ओपन बॉक्स' डिलिव्हरीचा पर्याय असेल तर तोच निवडा. वॉचमनच्या केबिनमध्ये टीव्ही उतरवून घेऊ नका. टीव्ही नेहमी उभाच न्या. ६५ च्या वरचा असेल तर खोका लिफ्टमध्ये उभा मावतो का ते आधी मोजा.

तुमचे हक्क, आणि त्यांची मर्यादा

मर्यादा आधी सांगू, कारण गैरसमज तिथेच आहे: माप चुकलं हा मालातला दोष नाही. टीव्ही चांगला आहे पण भिंतीवर मोठा दिसतो, या कारणासाठी कायदा दुकानदाराला तो परत घ्यायला लावत नाही. तिथे तुमच्या हातात असतो तो फक्त विक्रेत्याचा परतीचा नियम. म्हणून बिल करताना विचारा, "न उघडलेला पीस बदलून द्याल का, किती दिवसांत?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

माल सदोष असेल तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे:

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'कच्च्या बिलावर थोडे कमी करतो' याला भुलू नका. बिल नसेल तर पुढचं सगळंच लंगडं पडतं.
- सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारल्याने विक्रेता यातून सुटत नाही.
- छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.
- ऑनलाइन कंपनीला तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात द्यावं लागतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा, नुसत्या फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका.

तक्रार करायची वेळ आलीच तर पहिल्यांदा विक्रेत्याला आणि कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, दावा दाखल करता येतो. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. अर्जासोबत बिल, वॉरंटी कार्ड, खोका उघडतानाचं चित्रीकरण आणि कंपनीच्या माणसाने दिलेलं जॉबशीट जोडा. ते जॉबशीट प्रत्येक भेटीनंतर मागून घ्या; न मागता सहसा कुणी देत नाही.